भाड्याची होडी, गावाचं पाणी

झाडीपट्टीत, म्हणजे विदर्भाच्या पूर्वेकडच्या या धानाच्या मुलखात, पाण्यावर एकटा जाणारा माणूस म्हणजे ढिवर, इथला मासेमार. बाकी सगळे पाळीवर थांबतात. कुणी बैल धुतो, कुणी कपडे, कुणी संध्याकाळी नुसताच वारा खात बसतो. पोरं काठाशी डुबक्या मारतात. तलावाच्या मध्यावर काय आहे ते ढिवराला ठाऊक, आणि इतरांना ते ठाऊक असायचं काही कारण नाही. माझं बालपण ब्रह्मपुरीत गेलं, आजोळ सिंदेवाहीकडचं. दोन्हीकडे तलाव होते आणि दोन्हीकडे मी ते पाळीवरूनच पाहिले. म्हणून नागभीडच्या पुढच्या एका गावात पोरं दिवसाच्या भाड्याने कयाक देतात असं भाच्याने सांगितलं, तेव्हा मी भाडं किती हे विचारलं नाही. विचारलं, "एकटीला देतात का?"

देतात. गावाचं नाव इथे लिहीत नाही. तलाव लहान आहे. एका रविवारी दहा गाड्या आल्या तरी पाळीवर पाय ठेवायला जागा राहणार नाही.

डिसेंबरची सकाळ होती. धान कापून झालं होतं, बांध्यांमध्ये नुसती धसकटं उभी होती आणि मधूनमधून धानाच्या गंज्या. पाळीखाली पत्र्याच्या शेडमध्ये दोन पिवळ्या कयाक उलट्या घालून ठेवलेल्या. जाड प्लास्टिकच्या, पोटात हवा आणि वर बसायला एकच खोलगट जागा. आधार कार्डाची झेरॉक्स, घरच्या माणसाचा मोबाइल नंबर, एका कागदावर सही, दिवसाचे पाचशे रुपये. लाइफ जॅकेटचे पट्टे ओढून बघत तो पोरगा म्हणाला, "सोबत कोणीच नाही का जी, ताई?" मी नाही म्हटलं. त्याने मान हलवली आणि नियम सांगितले. पाण्यावर थर्माकोलचे तुकडे तरंगताना दिसतील, त्याखाली जाळी आहेत, तिथून लांबून जायचं. पलीकडच्या काठाला बेशरमीची झुडपं दाट आहेत, त्यांत घुसायचं नाही. डोंगराच्या बाजूला उतरायचं नाही, तिकडे वाघाचं येणं-जाणं आहे. आणि चारच्या आत परत. "वारा सुटला का वल्हं मारत बसू नका जी, काठ धरा," हे त्याने शेवटी सांगितलं, आणि दिवसभरात उपयोगी पडलं ते तेवढंच.

कयाकमध्ये माणूस पाण्याच्या बरोबरीने बसतो. होडीत आपण पाण्याच्या वर असतो, कयाकमध्ये कमरेइतक्या उंचीवरून पाणी दिसतं. पहिला अर्धा तास माझी होडी डावीकडेच वळत राहिली, कारण उजवा हात जोरात चालतो. मग हात आपोआप समजुतीला आले. दोन्ही टोकांना पातं असलेलं वल्हं एकदा इकडे, एकदा तिकडे. दर खेपेला वरचं पातं खाली येताना मांडीवर चार थेंब. काठाजवळ कमळाची पानं होती आणि त्यांच्यावरून कमळपक्षी चालत होता, लांब बोटांनी, कुठेही न बुडता. पुढे अडईंचा थवा शिटी घालत उठला आणि वळसा घेऊन मागे जाऊन बसला. पाणकावळा एका बुडालेल्या खुंटावर पंख वाळत घालून बसलेला. त्याने माझी दखल घेतली नाही.

तलावाच्या मध्यावर आल्यावर मी वल्हं आडवं ठेवलं आणि मागे वळून पाहिलं. इथून गावातली घरं दिसत नव्हती, पाळ दिसत होती. तीन बाजूंना डोंगर, सागाची आणि बांबूची रानं, आणि चौथ्या बाजूला एका डोंगराच्या पायापासून दुसऱ्याच्या पायापर्यंत ओढलेली मातीची ती रेघ. पाळीवर चालताना ती रस्ता वाटते. पाण्यातून पाहिली तेव्हा कळलं की तलाव म्हणजे ती रेघच आहे. ती नसती तर मी या क्षणी एखाद्या बांधीच्या वर दोन पुरुष उंचीवर हवेत तरंगत असते.

शहरातून येणाऱ्याला हे पाणी निसर्गाचं वाटतं. कमळं, पक्षी, डोंगर, वाघ, सगळा देखावा जंगलाचाच असतो. पण भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांतले सहा हजारांहून जास्त जुने तलाव माणसांनी, बहुतेक अडीच-तीनशे वर्षांपूर्वी, टोपल्या आणि कुदळी घेऊन बांधले. चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, गोंड राजांनी रीत घालून दिली होती: जो तलाव बांधेल, त्याच्या पाण्याखाली भिजेल ती जमीन त्याची. कोहळी समाज या कामात वाकबगार. उतार कुठे आहे, पावसाचं पाणी कुठून येतं, पाळ कुठे घातली तर कमी मातीत जास्त पाणी अडेल, हे ते डोळ्यांनी जोखत. वरच्या तलावाचा सांडवा खालच्या तलावात, त्याचा त्याच्या खालच्या बोडीत, म्हणजे लहान तळ्यात, असं एकाच पावसाचं पाणी दोन-चार गावांना पुरवून मग ते नाल्याला सोडत. गोंदियाकडच्या नवेगावबांधचा तलाव कोलू पाटील कोहळींनी बांधला असं सांगतात आणि तिथे त्यांचा देव झाला आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या पंचविशीत इंग्रजांनी आसोलामेंढा, नळेश्वर, घोडाझरी असे मोठे जलाशय या भागात केले, तेव्हा धानाला तलावाचं पाणी द्यायची रीत इथे आधीच रुजलेली होती. त्यांनी ती कालव्यांनी वाढवली. घोडाझरीभोवतीचं जंगल २०१८ साली अभयारण्य झालं. म्हणजे आधी माणसाने धानासाठी पाणी अडवलं, मग त्या पाण्याच्या आधाराने रान टिकलं, आणि आता त्या रानाचं रक्षण चाललं आहे. क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे.

गोंडांनंतर भोसले आले, इंग्रज आले, महसूल वसूल करणारे मालगुजार आले. तलाव मालगुजाराच्या नावावर. पण गावाला पाणी, मासे, माती, गुरांचं पिणं असे निस्ताराचे हक्क होते, आणि पाळीची डागडुजी गाव मिळून करी. १९५० मध्ये चांदा जिल्हा मध्य प्रदेशात होता. त्या वर्षीच्या कायद्याने मालगुजारी गेली आणि १९५१ मध्ये तलाव सरकारजमा झाले. मालक गेला ते चांगलंच झालं. पण कागदावर तलाव सरकारचा झाला, तसं पाळीवर माती टाकणं हेही सरकारचं काम झालं. गाव पाणीपट्टीचा माणूस कधी येतो ते बघू लागलं आणि गाळ चढत गेला. आजही सरकारी कागदांत या तलावांना माजी मालगुजारी म्हणतात. सुमारे पंच्याहत्तर वर्षं झाली, तरी त्यांची ओळख गेलेल्या मालकावरूनच चालते.

अकराच्या सुमारास तो दिसला. बेशरमीच्या कडेने एक डोंगा येत होता आणि त्यात एक म्हातारा ढिवर उभा. मी बसूनही डगमगत होते, आणि हा माणूस हातभर रुंदीच्या लाकडात उभा राहून जाळं ओढत होता. जवळ आल्यावर त्याने माझ्या होडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"भाड्यानं घेतली का जी?"

"हो, काकाजी. दिवसभरासाठी."

"आमी बी ठेक्यावरच हाओ," तो म्हणाला आणि जाळ्यातून एक मृगळ सोडवू लागला.

ही थट्टा नव्हती, हिशेब होता. तलाव सरकारचा, मासेमारीचा ठेका ढिवरांच्या सहकारी संस्थेचा. संस्था ठेक्याची रक्कम भरते, रोहू-कतला-मृगळाचं बीज विकत आणून सोडते, आणि पावसाळा जोराचा झाला की त्यातलं बरंच सांडव्यावरून वाहून जातं. पाऊस कमी झाला तर शेतकऱ्याला पाणी हवं असतं, तलाव खाली होतो आणि मासे वाढायच्या आत पाणी संपतं. जुन्या मासोळ्या आता कमी मिळतात, असं काकाजी सांगत होता. मरळ, शिंगी, मागूर, गावरान मासोळी. ती विकत आणून सोडावी लागत नसे, तलावात आपोआप वाढे. ती वाढे पाणवनस्पतींत आणि काठाच्या देवधानात. गवत खाणारे मासे सोडले गेले, बेशरम वाढली, काठ बदलला. "मासा पान्यात नाही जी राहात," तो म्हणाला, "काडीकचऱ्यात राहाते." एवढं बोलून त्याने डोंगा पुढे काढला. नंतर कळलं, हा तलावावरचा शेवटचा लाकडी डोंगा आहे. संस्थेतली तरणी पोरं ट्रकच्या ट्यूबवर किंवा थर्माकोलवर बसून जाळी टाकतात, कारण डोंगा होईल एवढं सरळ, जाड खोड जंगलात मिळणं कठीण आणि मिळालं तरी ते तोडायची परवानगी मिळणं त्याहून कठीण.

एका खोडाला वाकसाने पोखरून त्याची होडी करणं ही माणसाला सुचलेली सगळ्यांत जुनी युक्ती असावी. नेदरलँड्समध्ये १९५५ साली रस्त्याच्या कामात पेसे गावाजवळ असा एक डोंगा मातीखाली सापडला. पाइनच्या एका खोडाचा, जेमतेम तीन मीटर लांबीचा, सुमारे दहा हजार वर्षं जुना. तो एका माणसाचाच होता. दुसऱ्याला त्यात जागाच नाही. आणि मी ज्या कयाकमध्ये बसले होते, तिचं मूळ उत्तर ध्रुवाकडच्या इन्युइट लोकांचं. लाकडाचा आणि हाडांचा सांगाडा, वर सीलचं कातडं, आणि माप ज्याची होडी त्याच्या अंगाचं. तीही एकट्याची, शिकारीची. म्हणजे पाण्यावर एकटं जाणं जगभर आधी पोटासाठीच झालं. ते मजेसाठी, मनाला बरं वाटावं म्हणून करता येणं ही फार अलीकडची गोष्ट आहे आणि तिला पैसे पडतात. मी पाचशे रुपये दिले होते ते होडीचे. एकटेपण त्यातच धरलेलं होतं.

इथून दूर, गडचिरोलीत डोंग्याचा अर्थ आणखी वेगळा होतो. भामरागडला पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या नद्या एकत्र येतात. पावसाळ्यात पर्लकोटेच्या पुलावरून पाणी जायचं आणि तालुक्याचं गाव दिवसचे दिवस तुटून पडायचं. नदीपलीकडून आजारी माणूस आणायचा, बाळंतपणाला अडलेली बाई आणायची, रेशन न्यायचं, तर डोंगाच. हेमलकशाला १९७३ पासून चालणाऱ्या लोकबिरादरी प्रकल्पाच्या दवाखान्यात आलेले कितीतरी माडिया रोगी आधी नदी आणि मग रान ओलांडून आलेले असतात. तिथे डोंग्यात कुणी एकटं बसावं म्हणून बसत नाही. आणि वैनगंगेवर? जानेवारी २०२४ मध्ये चामोर्शी तालुक्यातल्या गणपूरजवळ, मिरची तोडायला पलीकडे निघालेल्या बायकांची नाव नदीत उलटली आणि सहा जणी गेल्या. रोजीसाठी निघालेल्या बायका. त्या सकाळी लाइफ जॅकेटचे पट्टे आवळताना मला ती नाव आठवली. करमणुकीला पाण्यावर जाणाऱ्या बाईला जॅकेट घातल्याशिवाय कोणी सोडत नाही आणि कामाला जाणारीला ते कोणी देत नाही. हा फरक नदीने केलेला नाही.

दुपारी वारा सुटला. पोराचं ऐकून मी काठ धरला आणि बेशरमीपासून बेताने लांब राहून डोंगराच्या कुशीतल्या एका खाचेत होडी थांबवली. तिथे वारा नव्हता. मोबाइलला रेंज नव्हती. बांबूत काहीतरी मोडल्याचा आवाज आला, बहुतेक माकड. वाघ पोहतो हे मला ठाऊक होतं, आणि ते ठाऊक असलेलं त्या क्षणी अंगाला लागलं. भीती वाटली. मग ती ओसरली आणि त्या जागी काही आलं नाही. मोठा विचार नाही, साक्षात्कार नाही. नुसती जागा. डबा उघडला, भाकरी आणि वांग्याचं भरीत खाल्लं. घरी, शाळेत, लग्नकार्यात, एसटीत, बाईच्या शेजारी सतत कुणीतरी बसलेलं असतं आणि तिने त्याच्याकडे लक्ष द्यायचं असतं. इथे बैठकच एक होती. कुणाला थोडं सरका म्हणायची सोय नव्हती. पन्नाशी उलटल्यावर हे सुख मिळालं, ते मी लहान मानणार नाही.

पण मी एकटी होते एवढंच, नजरेआड नव्हते. परत आले तेव्हा घाटावर कपडे धूत असलेल्या बायकांना माझा सगळा दिवस पाठ होता. कधी थांबले, कुठे वळले, काकाजीशी किती वेळ बोलले. पिवळा रंग लांबून दिसतो. एकीने विचारलं, "तिकडं काय होतं जी, बाई?"

"काही नाही. शांत होतं."

"मंग कायले गेल्या?"

सगळ्या हसल्या, मीही हसले. त्यांच्यात एक ढिवरीण होती, बाजाराला मासोळी नेणारी. ती तेवढी हसली नाही. कयाकला हात लावून म्हणाली, तीस वर्षं झाली या तलावाचे मासे विकते, पण मध्यावर कधी गेले नाही. डोंग्यात बाई बसत नाही. तिचा नवरा जायचा, आता मुलगा जातो. पहाटे काठावर मासोळी हातात घ्यायची आणि टोपली घेऊन आठवडी बाजार गाठायचा. तलाव तिच्या घरचा. पण त्यावरून आपलं गाव कसं दिसतं हे तिला मी सांगायचं होतं. मी सांगितलं. पाळ दिसते, वडाची दोन झाडं दिसतात, देवळाचा कळस दिसतो, घरं दिसत नाहीत. तिने ते नीट ऐकून घेतलं.

पोरांना मी म्हटलं, दुपारी उरलेल्या वेळात एखाद्या दिवशी गावातल्या बायकांना फिरवून आणा, भाडं न घेता. एक जण म्हणाला, "येतीन का त्या?" दुसरा म्हणाला, "विचारलं कोनी त्याहिले?" त्यांचं आपसांत सुरू झालं आणि मी निघाले.

या दिवसानंतर मला जे वाटतं ते सरळ सांगते. तलावांवर कयाक आल्या याचं मला वाईट वाटत नाही. पर्यटन म्हणजे वाघच, जिप्सीत बसून वाघाच्या मागे पळणंच, असं झालेल्या या जिल्ह्यांत कुणी आवाज न करता दिवसभर पाण्यावर बसायला येत असेल तर ते बरंच आहे. गावातल्या चार पोरांना त्यातून काम मिळतं, तेही बरं. पण पाणी कुणाचं हे ठरल्याशिवाय त्याचं भाडं कुणी घ्यायचं हे ठरत नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने जंगलातल्या पाणवठ्यांच्या माशांवरचा हक्कही सामूहिक हक्कांत धरला आहे. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा या गावाने २००९ मध्ये आपल्या जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवून दाखवला. मग उद्या एखादा मोठा ठेकेदार वीस कयाक आणि पाण्यावरची स्कूटर घेऊन आला, तर त्याला तलाव द्यायचा की नाही हे ग्रामसभेने ठरवावं आणि ढिवरांच्या संस्थेचा शब्द त्यात पहिला असावा. शिंगाड्याचा आणि मासोळीचा तलाव देखाव्यासाठी मोकळा करून घेतला, तर दोन-तीन पावसाळ्यांत देखावाही राहणार नाही. पाळ राखायला कुणी उरणार नाही.

भाड्यातला ठरलेला हिस्सा पाळीवर खर्च व्हायला हवा. गाळ काढून शेतात टाकायची सरकारी योजना २०१७ पासून आहे. तिची वाट बघत बसण्यापेक्षा उन्हाळ्यात तलाव आटला की बेशरम उपटायला आणि सांडव्याचे दगड नीट लावायला ते पैसे पुरतील. फार नाही, पण पाळ ही दरवर्षी थोडी-थोडी राखायची वस्तू आहे, एकदाच मोठा निधी आणून सोडून देण्याची नाही.

आणि तुम्ही या तलावांवर येणार असाल तर जरूर या, शक्यतो एकटे या. होडीत बसण्याआधी पाळीवरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जा. मासेमारीचा ठेका कुणाचा आहे ते विचारा, जाळ्यांपासून लांब राहा, जॅकेट घाला, चारच्या आत परत या. घासाघीस न करता भाडं द्या. त्यातले किती पैसे पाळीला जातात हेही विचारा. उत्तर आलं नाही तर पुढच्या वेळी पुन्हा विचारा.